पोटातले कावळे गप्प होतात तेव्हा

भूक लागली की पोटात कावळे ओरडतात, असं आपण म्हणतो. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात विचित्र वाटते ती त्या कावळ्यांची शांतता. सकाळ जाते, दुपार कलते, तरी आतून हाक नाही. ज्या आवाजाशी जन्मभर झगडा केला तो एकाएकी बंद. सुटल्यासारखं वाटतं आणि जरा धास्तीही वाटते, कारण आता जेवणाची आठवण घड्याळाने करून द्यायची असते.

ही शांतता येते कुठून? ‘पोट लहान केलं, आता मावतच नाही’ हे ठरलेलं उत्तर. शल्यविशारदांचाही आधी हाच समज होता. अल्सरसाठी जठराचा बराच भाग काढलेल्या रुग्णांचं वजन पुढे वाढत नाही, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे अन्नाला जठराच्या बऱ्याच भागाला वळसा घालायला लावणारी शस्त्रक्रिया, केली. हिशोब साधा होता: जागा कमी, अन्न कमी.

मग एक न बसणारी गोष्ट दिसू लागली. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, वजन अजून फारसं उतरलेलं नसताना, मधुमेहींची रक्तशर्करा खाली येत होती. वॉल्टर पोरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात टाइप २ मधुमेहाच्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांची साखर बायपासनंतर नॉर्मल राहिल्याची नोंद आहे. त्या शोधनिबंधाचं शीर्षकच ‘कुणाला वाटलं असतं?’ अशा आश्चर्याने सुरू होतं. जागा कमी झाली एवढ्याने याचा उलगडा होत नव्हता.

उलगडा होत गेला तो आतड्याच्या बोलण्यातून. आतडं मेंदूला सतत निरोप धाडत असतं. जठराच्या वरच्या घुमटासारख्या भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं. १९९९ मध्ये जपानमध्ये ते सापडलं. जेवणाआधी ते चढतं, जेवल्यावर उतरतं. आपले कावळे बऱ्याच अंशी तेच. २००२ मधल्या एका अभ्यासात आहार आवरून वजन १७ टक्के कमी केलेल्या लोकांचं दिवसभरातलं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. म्हणजे माणूस जितका बारीक होत जातो, तितकं शरीर ‘खा, खा’ म्हणून मागे लागतं. जोडीला चरबीतून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन घटतं आणि शरीर बसल्या जागी कमी ऊर्जा खर्च करू लागतं. पथ्य सुटलेल्या माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मात्र वजन उतरत असतानाही ही ओरड वाढत नाही. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग, घ्रेलिनवाल्या घुमटासकट, कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक राहते. बायपासमध्ये वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलीटरची पिशवी करून तिला लहान आतडं खालून वर आणून जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न त्याला वळसा घालून पुढे जातं. दोन्हींत अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१सारखी ‘पुरे झालं’ सांगणारी संप्रेरकं जेवणानंतर कितीतरी जास्त प्रमाणात सुटतात. पित्ताम्लांचं गणित बदलतं, आतड्यातल्या जिवाणूंची वस्तीही बदलते.

अर्थात सगळं श्रेय घ्रेलिनला देऊन मोकळं होता येत नाही. ज्यांच्या शरीरात घ्रेलिन तयारच होत नाही अशा उंदरांवर स्लीव्ह केली, तरी त्यांचं वजन उतरलंच. मला त्याहून बोलका वाटतो तो आणखी एक प्रयोग. स्लीव्ह झालेल्या उंदरांना कमी खायला घालून अधिकच बारीक केलं आणि मग खाणं मोकळं सोडलं. छोट्या जठरानिशी त्यांनी जास्त खाल्लं आणि शस्त्रक्रियेनंतरच्या आपल्या वजनावर परत आले, त्याच्या पलीकडे गेले नाहीत. म्हणजे मावत होतं! बदलला होता तो शरीर ज्या वजनासाठी हटून बसतं तो आकडा.

निर्णयाकडे या बाजूने पाहिलं की त्याचा रंग बदलतो. ‘प्रयत्न करून हरलो, म्हणून ऑपरेशन’ ही लाज निम्मी गळून पडते. प्रश्न उरतो तो एवढाच: माझ्या शरीराला या बदलाची गरज आहे का, आणि त्याची किंमत मला झेपेल का?

गरजेचं मोजमाप बीएमआयने होतं, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १९९१ मध्ये ठरलेली रेषा ४० ची होती, सोबत मधुमेह किंवा रक्तदाबासारखा आजार असेल तर ३५ ची. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली: आता ३५ च्या वर आजार नसला तरी शिफारस, आणि ३० ते ३५ मध्ये चयापचयाचा आजार असेल तर विचार. आशियाई वंशाच्या लोकांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेच्या विचाराची सुरुवात २७.५ पासून. ही मोजपट्टी ओबडधोबड आहे. चरबी कुठे साठली आहे हे तिला कळत नाही.

स्लीव्ह की बायपास, यात डॉक्टरांची आवड हा निकष नव्हे. छातीतल्या जळजळीचा जुना त्रास असेल तर स्लीव्हने तो बळावू शकतो; बायपासने बहुधा कमी होतो. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांशिवाय ज्यांचं भागत नाही, त्यांना बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचा धोका. सिगारेटचंही तेच, ती आधीच सुटलेली हवी. पहिल्या वर्ष-दीड वर्षात स्लीव्हने मूळ वजनाच्या साधारण २५ टक्के आणि बायपासने ३० टक्के वजन उतरतं. पुढे त्यातलं थोडं परत येतं, आणि ते अपयश नसतं. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं हाही आता खरा पर्याय आहे. जीएलपी-१चाच निरोप ती बाहेरून देतात, पण बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढू लागतं.

आणि आयुष्य? स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लोकांवर चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले लोक, तितक्याच लठ्ठ पण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. तरी सर्वसाधारण लोकसंख्येहून ते साडेपाच वर्षं मागेच राहिले. जाहिरातीत पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं.

शस्त्रक्रियेआधी दोनेक आठवडे बहुतेक ठिकाणी कमी उष्मांकाचा, बराचसा पातळ आहार देतात. अनेकांना ती निश्चयाची परीक्षा वाटते. खरं कारण यकृत. त्याचा डावा भाग जठरावर पांघरुणासारखा असतो. लठ्ठपणात तो चरबीने फुगतो आणि दुर्बिणीतून काम करताना आडवा येतो. या आहाराने तो आक्रसतो.

ऑपरेशन पोटावरच्या चार-पाच लहान छिद्रांतून होतं. मृत्यूचा धोका साधारण हजारात एक, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या जवळपास. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी चालायला लावतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. घरी आल्यावर लक्ष ठेवायचं ते नाडीवर. टाक्याच्या रेषेतून गळती सुरू झाली तर पोटदुखी किंवा तापाच्याही आधी ठोके १२० च्या पुढे जाऊ शकतात, कधी खांदा दुखतो, श्वास लागतो. अशा वेळी ‘उद्या बघू’ म्हणायचं नसतं.

पुढचे आठवडे घोटांचे. आधी पातळ, मग गुळगुळीत वाटलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं घट्ट अन्न. जेवण आणि पाणी यांत अर्धा तास अंतर. एक घास जास्त झाला तर छातीत दडपतं, नाक गळू लागतं, शिंकाही येतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, तीही भूक नसताना. इथे मोठी माणसं लहान मुलांसारखी रुसतात.

मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचे डोस लगेच कमी करावे लागतात, नाहीतर साखर धोकादायक खाली जाते. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजनाचा काटा अडतो आणि घरात काळजी पसरते. पहिल्या झपाट्यात उतरलेलं बरंचसं वजन साठवलेली शर्करा आणि तिच्यासोबतचं पाणी असतं, ते संपलं की गती मंदावणारच. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात आणि सहसा परत येतात. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे धरतात, म्हणून काही महिने गोळ्या देतात. बायपासनंतर गोड जास्त खाल्लं तर अर्ध्या तासात घाम, धडधड, जुलाब. कधी दोन तासांनी साखर घसरून थरथर. दारू आधीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून तिच्या आहारी जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत दिसलं आहे. वजन उतरताच पाळी सुधारते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. गर्भारपण मात्र वर्ष-दीड वर्ष लांबवायला सांगतात, आणि त्यासाठी तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, त्या पुरेशा शोषल्या जातीलच असं नाही.

मन शरीराच्या मागून चालत येतं. कित्येकांना महिनोन्‌महिने आरशातला माणूस ओळखीचा वाटत नाही, आणि रुंद दारातूनही ते अंग तिरपं करून जातात. काहींना आधी खाण्यात मिळणारा दिलासा आता कुठेच मिळत नाही. शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही काही अभ्यासांत वाढलेलं दिसलं आहे, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही केवळ आधीची सही नसते.

राहिली जीवनसत्त्वं. सतत उलट्या होत असतील तर थायमिनची घाई, कारण शरीरात त्याचा साठा जेमतेम काही आठवडे पुरतो. संपला की तोल जातो, नजर दुहेरी होते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. अशा रुग्णाला ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं. लोह मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, त्यालाच बायपासचा वळसा असतो. कॅल्शियम सायट्रेटच्या रूपात घ्यायचं, कारण त्याला शोषणासाठी आम्ल लागत नाही, आणि लोहापासून दोन तास दूर. बी-१२ मात्र वेगळ्या चालीचं. ते शोषायला जठराच्या भिंतीतून येणारं एक प्रथिन लागतं. आता ते अन्नाला नीट भेटत नाही. पण यकृतात साठा वर्षानुवर्षांचा असतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच बिघडत नाही. माणूस ठणठणीत असतो, गोळ्यांची डबी कपाटात मागे सरकते, तपासणीची तारीख चुकते, एक वर्ष, दोन वर्षं. आणि मग एखाद्या दिवशी पायांना मुंग्या येतात. तेव्हा शस्त्रक्रियेची आठवण घरात कुणालाच होत नाही.