तुमच्या स्टोरेजच्या जोडण्यांचा नकाशा कसा वाचावा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या स्टोरेज सिस्टिम एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, याचा नकाशा आम्ही तुम्हाला तयार करून देतो. त्यातले चौकोन म्हणजे सिस्टिम आणि त्यांतले व्हॉल्यूम, म्हणजे साठवणुकीचे स्वतंत्र भाग. चौकोन सगळ्यांना लगेच कळतात. ती यंत्रं तुम्हीच घेतलेली असतात आणि त्यांची यादी कुठेतरी असतेच. रेषांची यादी मात्र सहसा कोणाकडेच नसते. कोणता डेटा कुठून कुठे जातो, किती उशिराने पोहोचतो, जोडणी कायमची आहे की तात्पुरती, हे सगळं रेषा सांगतात. म्हणून हे पत्रक बहुतांशी रेषांबद्दल आहे.

प्रत्येक सिस्टिमच्या स्क्रीनवर ही माहिती असते, मग वेगळा नकाशा कशाला, असं ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की प्रत्येक सिस्टिम आपल्यापुरतं सांगते. नेटअ‍ॅपच्या स्नॅपमिरर या प्रत पाठवण्याच्या सोयीत जोडणीचा कारभार डेटा घेणाऱ्या बाजूकडून चालतो. डेटाबेस स्वतः करतो ते रेप्लिकेशन, म्हणजे दुसरीकडे सतत प्रत ठेवणं, स्टोरेजच्या यादीत येत नाही. कोणी आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामची कमांड रात्रीच्या वेळापत्रकात टाकून ठेवली असेल, तर ती ज्या सर्व्हरवर आहे त्याच्याखेरीज कोणालाच माहीत नसते. या तिन्ही ठिकाणची माहिती एका कागदावर आली, की डेटाची पूर्ण साखळी पहिल्यांदा नजरेला पडते.

बाणाचं टोक आधी पाहा

बाण डेटा जातो त्या दिशेने असतो. सर्व्हरच्या नावांवर भरवसा ठेवू नका. एकदा फेलओव्हर झाला, म्हणजे काम राखीव यंत्राकडे गेलं, की 'डीआर' (आपत्तीसाठीचं राखीव) नावाचं यंत्र मुख्य काम करू लागतं आणि 'प्रायमरी' नावाचं यंत्र प्रत घेऊ लागतं. नावं तशीच राहतात. आम्ही बाणाची दिशा नावावरून काढत नाही, चालू जोडणीकडून वाचून घेतो.

दिशेबद्दल इतका आग्रह का, तर ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत घडलेला प्रकार पाहा. त्यांच्या डेटाबेसची दुय्यम प्रत मागे पडली होती. ती रिकामी करून पुन्हा भरायचं ठरलं आणि पुसण्याची कमांड चुकून मुख्य सर्व्हरवर चालली. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाताशी होती, तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. पण त्या सहा तासांतल्या डेटाबेसच्या नोंदी परत आल्या नाहीत. कंपनीने हा सगळा तपशील स्वतः जाहीर केला, हे फार चांगलं केलं. त्यातून आमच्यासारख्या अनेकांना शिकायला मिळालं.

रीसिंक करतानाही हाच धोका असतो. रीसिंक म्हणजे घेणारी बाजू देणाऱ्या बाजूसारखी करणं. ताजा डेटा घेणाऱ्या बाजूला असेल तर तो पुसला जाईल. म्हणून रीसिंकची कमांड देण्याआधी, त्याच वेळी काढलेला नकाशा दोघांनी मिळून पाहावा, असा आमचा आग्रह आहे. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात माहिती कधी गोळा केली ती वेळ छापलेली असते. कालचा नकाशा या कामाला चालत नाही.

रेषेवरचा आकडा

जाड अखंड रेष म्हणजे सिंक्रोनस रेप्लिकेशन: दोन्ही बाजूंना लिहून झाल्याशिवाय अ‍ॅप्लिकेशनला 'झालं' असं उत्तर मिळत नाही. इथे अंतर आडवं येतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरवर जाऊन परत यायला १ मिलिसेकंद लागतो, आणि प्रत्येक राइट तेवढा वेळ थांबतो. त्यामुळे दूरच्या केंद्रासाठी बहुधा असिंक्रोनस, म्हणजे समोरच्या उत्तरासाठी न थांबता डेटा मागाहून पाठवणारी जोडणी घेतात. ती आम्ही बारीक रेषेने दाखवतो आणि तिच्यावर एक आकडा लिहितो: समोरची प्रत या क्षणी किती जुनी आहे.

हा आकडा नीट समजून घ्या. समजा दर तासाला स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) घेऊन पाठवला जातो आणि पोहोचायला २० मिनिटं लागतात. १० वाजताचा स्नॅपशॉट १०:२० ला पोहोचला. ११ चा पोहोचणार ११:२० ला. म्हणजे ११:१९ ला समोरची प्रत १० वाजताचीच आहे, १ तास १९ मिनिटं जुनी. कुठेही बिघाड नाही, तरीही. 'आमचं तासाला रेप्लिकेशन आहे, म्हणजे फार तर तासाभराचं काम जाईल' हा हिशेब इथेच चुकतो. पुढे तिथून तिसऱ्या ठिकाणी दर चार तासांनी प्रत जात असेल आणि तिला अर्धा तास लागत असेल, तर तिसरी प्रत ५ तास ५० मिनिटांपर्यंत जुनी असू शकते. साखळीत उशीर साचत जातो. हे दोन वेगळ्या स्क्रीनवर कधीच दिसणार नाही, नकाशावर एका नजरेत दिसतं.

आणखी एक सांगायला हवं. काही सिस्टिममध्ये जोडणी 'निरोगी' दिसते, कारण शेवटचा पाठवणीचा प्रयत्न यशस्वी झाला होता. पण वेळापत्रकच कोणीतरी काढून टाकलेलं असतं आणि त्यानंतर काहीच गेलेलं नसतं. म्हणून आम्ही स्थितीपेक्षा आकड्याला मान देतो. तुम्ही ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे तो गेला की रेष लाल होते आणि तुटक-जाडही होते, कारण लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही आणि नकाशा काळ्या-पांढऱ्या छपाईतही वाचता आला पाहिजे.

शेकडो व्हॉल्यूम असतील तर रेषांची गर्दी होते, म्हणून दोन सिस्टिममधल्या सगळ्या रेषा एकत्र करून एकच काढतो. तिचा रंग सर्वांत वाईट जोडणीचा असतो. सरासरी आम्ही मुद्दाम घेत नाही. नव्वद चांगल्या जोडण्यांमागे एक बंद पडलेली सहज लपते.

ठिपक्यांची रेष: मायग्रेशन

मायग्रेशनची, म्हणजे डेटा नव्या जागी हलवण्याची, जोडणी पाहुणी असते. आधी सगळा डेटा एकदा कॉपी होतो, मग बदल तेवढे जात राहतात, ठरलेल्या वेळी कटओव्हर होतो, म्हणजे काम नव्या जागेवरून सुरू होतं, आणि जोडणी तोडली जाते. पहिली कॉपी किती वेळ घेईल याचा अंदाज सुरुवातीलाच घ्या: १० टीबी डेटा १ गिगाबिटच्या लाइनवर पूर्ण वेगाने गेला तरी सुमारे २२ तास लागतात, आणि पूर्ण वेग सहसा मिळत नाही. प्रत्येक ठिपक्यांच्या रेषेवर आम्ही कटओव्हरची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचं नाव लिहितो. तारीख उलटूनही रेष दिसत असेल तर विचारणा करा. मागे राहिलेल्या जोडण्या जागा अडवतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (प्रत घेणारा कुठवर पोहोचला याची नोंद) जुने लॉग पुसूच देत नाही आणि शेवटी डिस्क भरून डेटाबेस बंद पडतो. त्यावर मर्यादा घालण्याची सोय १३ व्या आवृत्तीपासून आहे, पण ती आपण स्वतः लावावी लागते.

कटओव्हरनंतर आम्ही सगळ्यांत आधी पाहतो ते हे: नव्या व्हॉल्यूममधून डीआरकडे जाणारी रेष आहे का? डेटा नव्या जागी जातो, डीआरची जोडणी पुष्कळदा जुन्या व्हॉल्यूमलाच चिकटून राहते. सगळं सुरळीत चालू असतं, कोणतीही सूचना येत नाही, आणि चालू डेटाची दुसरी प्रत कुठेच नसते. ज्या चौकोनातून एकही रेष बाहेर पडत नाही, त्याला आम्ही दुहेरी चौकट करतो.

रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे, हेही लक्षात असू द्या. चुकून पुसलेली फाइल पलीकडेही पुसली जाते आणि रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेला डेटा तसाच पोहोचतो. बॅकअपच्या रेषा आम्ही वेगळ्या पानावर देतो.

नकाशासाठी आम्हाला प्रत्येक सिस्टिमवर फक्त वाचण्याची परवानगी असलेलं खातं पुरतं. बदल करण्याचे अधिकार देऊ नका. सोबत प्रत्येक महत्त्वाच्या व्हॉल्यूमसाठी, किती वेळाचं काम गेलेलं तुम्हाला चालेल, तो आकडा कळवा. तो वापरणाऱ्या विभागाला विचारून द्या, कारण आयटी विभागाचा अंदाज आणि त्यांची गरज यांत अनेकदा फरक निघतो. मायग्रेशन ठरलं असेल तर कटओव्हरच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन नकाशे मागवा.