तानपुऱ्याच्या कसोटीला उतरणारा स्पीकर

उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदूरमध्ये मराठी घरांतून ख्याल आजही कान देऊन ऐकला जातो. तो मंद्रातला संथ स्वर आणि मागचा तानपुरा जसाच्या तसा ऐकू यावा म्हणून स्वतःच स्पीकर बनवायची हौस असेल, तर पाय आपोआप महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराकडे वळतात. वूफर (खालचे स्वर वाजवणारा) आणि ट्विटर (वरचे वाजवणारा) हे ड्रायव्हर जरूर घ्या. त्या दोघांत स्वर वाटून देणारं सर्किट, म्हणजे क्रॉसओव्हर, मात्र तयार घेऊ नका.

काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला वाजते. जवारी (घोडीवर तारेखाली बसवलेला दोरा) नीट लागली असेल तर त्याच तारेतून १३९, २०८, २७७ असे पटीतले स्वर उमटत काही हजार हर्ट्झपर्यंत चढतात. टू-वे स्पीकरमध्ये, समजा, २५०० हर्ट्झच्या खालचं वूफर वाजवतो, वरचं ट्विटर. म्हणजे एका तारेचा नाद दोन तोंडांतून बाहेर पडतो, आणि तो सांधा कानाला लागता कामा नये. सगळं डिझाइन यासाठीच.

सूत्र सोपं आहे. ट्विटरच्या वाटेतला कंडेन्सर खालचे स्वर अडवतो, वूफरच्या वाटेतली कॉइल वरचे. ८ ओहम आणि २५०० हर्ट्झ धरले तर कंडेन्सर ८ मायक्रोफॅरडचा, कॉइल ०.५१ मिलिहेन्रीची. पण ८ ओहम हे फक्त लेबलवर! वूफरचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) त्याच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे तो आपसूक कंप पावतो त्या स्वरापाशी, कित्येक पट होतो, आणि वरच्या स्वरांना त्याच्या आतल्या व्हॉइस कॉइलमुळे पुन्हा चढत जातो. त्यात ड्रायव्हर बसवायच्या लाकडी पेटीची भर. २० सेंटिमीटर रुंदीची पेटी साधारण ५७५ हर्ट्झच्या वरचा आवाज पुढे फेकते, त्याखालचा मागेही पसरतो. दोन्हींत ६ डेसिबलपर्यंत फरक पडतो. तयार क्रॉसओव्हरला यातलं काहीच ठाऊक नसतं.

म्हणून आधी पेटी. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या कामामुळे ड्रायव्हरच्या डेटाशीटवरचे आकडे पाहून पेटी किती लिटरची हवी हे गणिताने काढता येतं. पहिली पेटी बंदच करावी. पोर्टची, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली, पेटी चुकीला फार कमी माफ करते. ड्रायव्हर पेटीत बसवले की मेझरमेंट माइकने दोघांची वेगवेगळी मापं घ्यायची आणि मगच सर्किट आखायचं. मापासाठी आरईडब्ल्यू (REW) आणि आखणीसाठी व्हिटुइक्सकॅड (VituixCAD), ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

सांध्यापलीकडे प्रत्येक ड्रायव्हरचा आवाज किती झपाट्याने उतरवायचा? सिग्फ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली यांची, १९७६ साली लिंकविट्झ यांच्या लेखातून पुढे आलेली रचना मला सर्वांत भरवशाची वाटते. तिच्यात सांध्यापाशी दोन्ही ड्रायव्हर ६ डेसिबल खाली असतात, एकाच फेजमध्ये, म्हणजे एका तालात पुढे-मागे, चालतात, आणि बेरीज सपाट येते.

ती साधली का, हे तपासण्याची रीत मोठी सुरेख आहे. ट्विटरच्या दोन तारा मुद्दाम उलट जोडा आणि पुन्हा माप घ्या. आलेखात २५०० हर्ट्झवर खोल, दोन्ही बाजूंनी सारखी दरी पडली तर फेज जुळली. दरी उथळ किंवा तिरकी आली तर कॉइल-कंडेन्सरची मूल्यं (मिलिहेन्री, मायक्रोफॅरड) बदला. जुळली की तारा परत सुलट करा.

मग तानपुरा लावा आणि बसून ऐका. उभं राहिलात तर दोन्ही ड्रायव्हर कानापासून निराळ्या अंतरावर जातात आणि फेज सरकते. स्टँडची उंची त्यामुळे बसलेल्या माणसाचा कान ट्विटरच्या रेषेत येईल अशीच ठेवावी.