प्री-एक्लॅम्प्सिया : प्रसूतीची वेळ आणि रक्तचाचण्या

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर गेला आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्त, मेंदू यांवर परिणाम दिसू लागला, तर त्या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात राहतो, पण आजाराचे मूळ वारेत (प्लॅसेंटात) असते. वार बाहेर पडल्याशिवाय तो ओसरत नाही. म्हणून बाळंतपण कधी करायचे, हाच उपचारातला मोठा प्रश्न असतो. घाई केली तर बाळाची फुप्फुसे कच्ची राहतात. थांबत गेले तर आईला झटके येण्याची, मेंदूत रक्तस्राव होण्याची किंवा वार वेळेआधी सुटण्याची भीती असते.

या निर्णयात सर्वाधिक उपयोगी पडतात त्या जुन्या, साध्या तपासण्या : प्लेटलेट, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, एसजीओटी-एसजीपीटी ही यकृताची एन्झाइमे आणि रक्तपेशी फुटल्या की वाढणारे एलडीएच. प्लेटलेट 1 लाखाच्या खाली, क्रिएटिनिन 1.1 च्या वर किंवा यकृताची एन्झाइमे दुपटीहून जास्त, यांपैकी काहीही झाले तर आजार तीव्र धरतात. रक्तपेशी फुटणे, एन्झाइमे वाढणे आणि प्लेटलेट घटणे हे तिन्ही एकत्र आले की तो हेल्प सिंड्रोम. तिथे आईला स्थिर करून प्रसूतीकडेच वळावे लागते. पोटाच्या वरच्या भागातले दुखणे पुष्कळदा ॲसिडिटी म्हणून अंगावर काढले जाते, आणि नेमके तेच यकृताचे दुखणे असू शकते. लघवीतली प्रथिने किती वाढली, यावरून मात्र आता प्रसूतीची घाई करत नाहीत.

हे आकडे वाचताना लॅबच्या छापील मर्यादा फसवतात. गर्भारपणात क्रिएटिनिन एरवीपेक्षा उतरलेले असते, त्यामुळे 0.9 हा कागदावर ‘नॉर्मल’ आकडाही इथे लक्ष देण्याजोगा ठरतो. प्लेटलेट 1.5 लाख असणे एकीला नेहमीचे असेल. जिचे गेल्या आठवड्यात 2.6 लाख होते, तिच्यासाठी तो इशारा आहे. एका रिपोर्टपेक्षा रिपोर्टांची माळ महत्त्वाची.

वारेतून येणाऱ्या प्रथिनांच्या चाचण्या नंतरच्या. आजारी वारेतून एसएफएलटी-1 हे प्रथिन जास्त प्रमाणात सुटते, ते रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणाऱ्या पीएलजीएफ या प्रथिनाला अडवून धरते, हे बॉस्टनमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवले. 2016 च्या प्रोग्नोसिस अभ्यासात या दोहोंचे गुणोत्तर (एसएफएलटी-1 भागिले पीएलजीएफ) 38 किंवा कमी असलेल्या स्त्रियांना पुढच्या आठवड्यात प्री-एक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता नगण्य निघाली. उलट, 38 च्या वर आकडा आलेल्यांपैकी चार आठवड्यांत आजार झाला तो जेमतेम तिघींपैकी एकीला. म्हणजे धीर द्यायला चाचणी पक्की, भाकीत करायला तितकी नाही. ब्रिटनमधल्या 2019 च्या पॅरट चाचणीत पीएलजीएफचा निकाल डॉक्टरांना कळवल्यावर निदान व्हायला लागणारा मध्यक (मीडियन) कालावधी 4.1 दिवसांवरून 1.9 वर आला. तरीही उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2022 मध्ये स्पष्ट सांगितले, की अपुऱ्या दिवसांत बाळंतपण करायचे की नाही हे या चाचणीवरून ठरवू नये. ही भूमिका योग्यच आहे : वाईट आकडा पाहून घाबरून केलेल्या सिझेरियनची किंमत बाळ मोजते.

व्यवहारात आठवड्यांचा हिशेब असा : तीव्र लक्षणे नसतील तर 37 पूर्ण होताच प्रसूती; असतील तर 34 नंतर थांबत नाहीत. 34 च्या आत, आई-बाळ दोघे स्थिर असतील तरच थांबतात. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात आणि झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट. 2002 च्या मॅगपाय चाचणीनुसार त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो.

गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणे रुग्णालयातच होतात, त्यामुळे रक्तचाचणी फार उपयोगी पडते ती पुढे पाठवण्याच्या निर्णयात. वाळपई, पेडणे किंवा काणकोणच्या बाईला आज घरी सोडायचे, म्हापसा-मडगावच्या जिल्हा रुग्णालयात ठेवायचे, की थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) न्यायचे? काणकोणहून करमल घाट ओलांडून निघालेल्या ॲम्ब्युलन्समध्ये प्रसूती होण्यापेक्षा, प्लेटलेट घसरू लागल्याबरोबर तिला हलवणे केव्हाही बरे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या पोटातूनच नेणे सुरक्षित असते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायच्या रीतीमुळे इथे आणखी एक अडचण येते. सातव्या-आठव्या महिन्यात सून फोंड्याहून सावंतवाडीला किंवा दोडामार्गहून डिचोलीला जाते आणि जुने रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतात. नव्या डॉक्टरपुढे मग तुलनेला काहीच नसते. कार्डाबरोबर प्रत्येक रिपोर्टची प्रत तिच्या बॅगेत हवीच.

बाळंतपणानंतरही तपासण्या थांबत नाहीत. हेल्प सिंड्रोममध्ये प्लेटलेट पहिल्या एक-दोन दिवसांत आणखी खाली जाऊ शकतात, आणि झटके प्रसूतीनंतरही येतात. डोके ठणकणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे सुरू झाले, तर बाळंतिणीला त्याच दिवशी रुग्णालयात परत आणावे लागते.