गळ टाकायच्या आधीचं पाणी

गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा होतो. नागपुरातून आलेली चार पोरं काठावर बसली होती. फायबरच्या काड्या, चकचकीत रीळ, डोक्याला टोप्या, जवळ कणकेच्या गोळ्यांचा डबा. त्यांच्यापासून शंभरेक हातांवर एक ढिवर काका, म्हणजे इथल्या मासेमार समाजातले, ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब घेऊन पाण्यात. ट्यूबवर थर्माकोलची पाटी बांधलेली, तिच्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन्ही हातांत चपलेएवढ्या फळ्या घेऊन पाणी मागे सारायचं. पूर्वी इथे डोंगे असत, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होड्या. आता तेवढं जाड लाकूड मिळत नाही, ट्यूब मात्र मिळते.

एका पोराच्या गरीला रोहू लागला. दीड किलोचा असावा. चौघांनी आळीपाळीने फोटो काढले आणि मासा परत पाण्यात सोडला. काका जाळं आवरता आवरता थांबले आणि म्हणाले, “तुमाले मासोळी पायजे का फोटू?” पोरं हसली, काकाही हसले आणि पुन्हा फळ्या मारत निघाले.

हा प्रश्न थट्टेतला होता, पण नागपूरच्या आसपासच्या पाण्याचा अर्धा इतिहास त्यात आहे. गळ टाकायला, नाव चालवायला, सहलीला आपण ज्या पाण्यावर जातो ते पाणी तिथे आलं कसं आणि कुणासाठी, हे तपासायला गेलं की शौकाचा नंबर फार उशिरा लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्याकडे डोंगरात आपसूक झालेला तलाव जवळपास नाहीच. बुलढाण्यातलं उल्कापाताने झालेलं लोणार सोडलं, तर विदर्भात ज्याला आपण तलाव म्हणतो ती सगळी माणसाने घातलेली पाळ आहे. दोन टेकड्यांच्या मधली खिंड हेरायची, ओढा अडवायचा. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरात वाकाटककाळातला शिलालेख आहे, त्यातही सुदर्शन नावाच्या जलाशयाचा उल्लेख येतो. म्हणजे ही खोड इथे दीड हजार वर्षांची तरी आहे.

नागपूर शहरच मुळी असं वसलं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी जोडून शहर उभं केलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने नाग नदीचं पाणी अडवून जुम्मा तलाव बांधला. तोच पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. भोसल्यांच्या काळात त्यात आणखी तलावांची भर पडली. फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव ही नावं नागपूरकराला बसथांब्यांसारखी पाठ आहेत, पण ती सगळी मुळात पाण्याची नावं आहेत.

शहराबाहेर, पूर्वेला भंडारा-गोंदिया आणि खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडे, खरी कमाल कोहळी समाजाने केली. गोंड राजांनी त्यांना जमिनी देऊन तलाव बांधायला उत्तेजन दिलं आणि त्यांनी धानाच्या शेतीसाठी अक्षरशः हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, खोदल्या. पाळ, पाणी सोडायचं तुडूम, सांडवा, पाट, असं आख्खं शास्त्र. नवेगावबांध त्यातला सर्वांत प्रसिद्ध. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, नावे लागले, म्हणून मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि सरकारी कागदांत त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणू लागले. त्याचं लघुरूप ‘मामा तलाव’. नवख्या माणसाला हे ऐकून कुणाच्या तरी मामाची इस्टेट असावी असं वाटतं.

पाणी शेतकऱ्याचं आणि मासा ढिवराचा, अशी ढोबळ वाटणी होती. ढिवर, भोई, कहार, केवट ही मंडळी जाळी विणत, शिंगाडा लावत, नदीवर नावा चालवत. त्यांच्या जाळ्यात येणारी मासोळी म्हणजे मरळ, दाडक, शिंगी, वाम आणि झिंगे. यातली बरीचशी गवताळ उथळ पाण्यात वाढणारी. आषाढात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की मासे उलटे वर चढतात, आणि गावातली लहान पोरं टोपली, धोतर, मच्छरदाणी, मिळेल ते घेऊन ओढ्यात उतरतात. आपल्याकडची मौजेची मासेमारी म्हणाल तर ती ही. तिला काडी नव्हती, रीळ नव्हतं आणि पकडलेलं सोडून द्यायचा प्रश्नच नव्हता.

काडी-रिळाचा शौक साहेबाबरोबर आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. उन्हाळा लागला की सरकार सातपुड्यात पचमढीला चढायचं. साहेबाला मायदेशातला ट्राउट हवा होता. तो त्यांनी निलगिरीत आणि काश्मीरमध्ये नेऊन वाढवला. सातपुड्यात ते जमण्यासारखं नव्हतं. धूपगड हे सगळ्यांत उंच शिखर, तेही जेमतेम १,३५० मीटर, आणि ट्राउटला बारमाही थंड पाणी लागतं. मग इथला राजा ठरला महाशीर. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, वाहत्या खडकाळ पाण्यात राहणारा मासा. मद्रासकडचे सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली लिहून ठेवलं की वजनाच्या मानाने महाशीर सालमनपेक्षाही जोराची झुंज देतो. त्या एका मतावर हिंदुस्थानभरच्या साहेबांनी गळ परजले.

त्यांच्या हातून एक बरं काम झालं. १८९७ चा मत्स्यव्यवसाय कायदा, ज्यात पाण्यात स्फोटकं उडवून किंवा विष टाकून मासे मारायला बंदी घातली गेली. सव्वाशे वर्षं होऊन गेली, तरी जिलेटिनची कांडी डोहात टाकणारे संपलेले नाहीत.

पण इंग्रजांनी तलाव बांधले ते गळासाठी नव्हे. नाग नदीवरचं अंबाझरी १८७० च्या सुमारास शहराला पिण्याचं पाणी द्यायच्या कामी आलं, ते पुरेना म्हणून चाळीसेक वर्षांनी गोरेवाडा. खिंडसीची कथा आणखी वेगळी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ आले आणि मध्य प्रांत कोलमडला. त्यानंतर सिंचन आयोग बसला, आणि धानपट्ट्यात मोठे तलाव बांधायचं सत्र सुरू झालं. सूर नदीवरचा रामटेकचा तलाव, म्हणजे खिंडसी, १९१३ चा. असोलामेंढा, बोदलकसा, घोडाझरी हे त्याच पंधरा-वीस वर्षांतले. आज ज्या घाटावर शिकारा आणि स्पीडबोटीची तिकिटं फाडली जातात, तो घाट उपासमारीतून उभा राहिलेला आहे. कालव्याने पाणी जातं ते आजही धानाला.

मग रोहू कुठून आला? रोहू, कतला, मृगळ ही तिन्ही मुळात गंगेच्या खोऱ्यातली मंडळी. आपल्या नद्या वैनगंगेत जातात आणि वैनगंगेचं पाणी शेवटी गोदावरीत. पूर्वी या माशांचं बीज बंगालच्या नद्यांतून गोळा होई आणि रेल्वेने देशभर जाई, वाटेत निम्मं मरे. तरी नदीतूनच आणावं लागे, कारण साचलेल्या पाण्यात हे मासे अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्पची, म्हणजे रोहू-कतलाच्या कुळातल्या माशांची, प्रेरित पैदास करून दाखवली, आणि सगळं गणित बदललं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. दोनच वर्षांत, १९५९ मध्ये, चंदेऱ्या आणि गवत्या हे परदेशी कार्पही देशात आले.

तलाव सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. जिरे, म्हणजे माशांची इवली पिल्लं, आणून त्यांची बोटाएवढी बोटुकली करायची, ती तलावात सोडायची, वर्षाने काढायची. उत्पन्न वाढलं हे खरं. पण गवत्या मासा पाण्यातली वनस्पती साफ करतो आणि मरळ-दाडक त्याच वनस्पतीच्या आसऱ्याने वाढतात. जिथे ही गवतं गेली तिथे काठाला बेशरम नावाची झुडपं माजली आणि देशी मासोळी आटली. भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवर बायका-पुरुषांनीच बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मासे परतू लागले. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या भागातल्या पाण्यावर झालेलं हे सगळ्यांत शहाणपणाचं काम आहे, आणि ते कुठल्याही पर्यटन आराखड्यात सापडणार नाही.

आता पेंच. सातपुड्यात छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावून ही नदी नागपूर जिल्ह्यात उतरते आणि कन्हानला मिळते. वाटेत खडक, घळी आणि उन्हाळ्यातही न आटणारे डोह. महाशीर उन्हाळा काढतो तो अशाच डोहांत. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर जाऊन अंडी घालतो. तोतलाडोह हे नावसुद्धा डोहाचंच. तिथे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून धरण बांधलं, १६० मेगावॉटचं वीजघर आलं, आणि सुमारे ७२ चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला. त्याच्या खाली नवेगाव खैरीचं दुसरं धरण. नागपूरच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा तिथला. महाशिराला असं साचलेलं पाणी मानवत नाही आणि भिंत ओलांडून वर जाता येत नाही. राज्यात लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशिराची पैदास होते, लाखोंनी बोटुकली निघाली. पण बोटुकली वाढवता येते, वाहती नदी वाढवता येत नाही.

जलाशयाच्या दोन्ही अंगांना जंगल. महाराष्ट्राच्या बाजूला १९७५ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प. मध्य प्रदेशचा प्रकल्प त्याआधीचा, १९९२ चा. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की जाळं बंद. पण उद्यानाच्या हद्दीतून उठवलेली, जमीन-डोह दोन्ही गेलेली माणसं धरणाच्या पाण्याकडेच वळणार, दुसरीकडे कुठे जातील? मध्य प्रदेश सरकारने अशा ३०५ आदिवासी कुटुंबांना तोतलाडोहात मासेमारीचे परवाने दिले. त्याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च १९९७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, मात्र अटी घातल्या. परवानाधारकाला फोटोचं ओळखपत्र, काठावर चूल-शेकोटी पेटवायची नाही, असं बरंच काही. जंगल राखायचं आणि तिथल्या माणसाचं पोटही, हा पेच तेव्हा पहिल्यांदा इतका स्पष्ट लिहिला गेला. सुटला असं म्हणवत नाही. महाराष्ट्राच्या अंगाला धरणकामाच्या निमित्ताने वसलेली तोतलाडोहची वस्ती पुढे उठवली गेली, आणि चोरटी मासेमारी विरुद्ध वनखातं हा झगडा बराच काळ चालला.

आज त्याच पेंचच्या पाण्यावर कोलितमाऱ्याला नावेतून जंगल दाखवतात. मी गेलो होतो. काठावर मगर पहुडलेली, वाळलेल्या झाडांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. नावाडी पाण्याखालचे खडक न बघता चुकवत होता. पाण्याची ही ओळख सहलीच्या हंगामात होत नसते, तिला पिढ्या लागतात.

शहरातल्या तलावांचं वेगळंच. अंबाझरीचं पाणी पिण्यातून बाद झालं, शेजारी बाग आली, फुटाळ्याला चौपाटी आणि कारंजी आली. मका, भजी, सेल्फी. विसर्जनानंतर किंवा सांडपाणी शिरलं की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि सकाळी काठाला मेलेल्या माशांची पांढरी रेघ दिसते. गेली काही वर्षं कृत्रिम टाक्यांत विसर्जन होतं, त्याने थोडा फरक पडला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि अंबाझरी ओसंडून खालच्या वस्त्यांत घुसला. चौपाटी म्हणून ज्याकडे बघत होतो ते दीडशे वर्षांचं धरण आहे, हे शहराला त्या पहाटे आठवलं. आणि नाग नदी आपली घाण घेऊन कन्हानमार्गे वैनगंगेला मिळते, गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन पसरते. तिथे अंभोऱ्याला नवा पूल आहे, पर्यटक आहेत आणि जलपर्णीही आहे.

खिंडसीच्या पोरांकडे येतो. दहाच्या सुमारास ऊन चढलं तशी त्यांनी काड्या मिटल्या. ट्यूब काठाला लागली होती, काकांच्या जाळ्यात चार मरळी होत्या, अजून तोंडं मिटत-उघडत होत्या. पोरांनी दोन घेतल्या. भाव ठरायला फोटोंपेक्षा जास्त वेळ लागला.