एजंट नाही, म्हणजे क्लेम बुडाला?

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा निरोप: ऑनलाइन विम्याचा क्लेम मिळत नाही, तो एजंटच पास करून देतो.

असं वाटणं साहजिक आहे. अडीअडचणीला कागद घेऊन धावतो तो एजंटच. पण करार असतो तुमच्यात आणि कंपनीत. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी, ब्रोकर ग्राहकाचा. कमिशन मात्र दोघांनाही कंपनीच देते. क्लेमचा निर्णयही तिचाच, पॉलिसीच्या अटी आणि प्रस्ताव अर्जातली उत्तरं पाहून.

खात्री करायची तर पॉलिसीसोबतची अर्जाची प्रत काढा. ‘मधुमेह आहे का?’ यापुढे कुणी घाईत ‘नाही’ लिहिलंय का? अर्ज एजंटाने भरला तरी सही तुमची असते. चूक दिसली तर कंपनीला लगेच लेखी कळवा.