अळवावरचे पाणी आणि कार्डावरची शाई

पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने अक्षरे काढून वरून पाण्याचा रंग फिरवला की न दिसणारी अक्षरे उमटून येतात, हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केलेला असतो. जावातल्या बाटिक कापडामागेही हेच तत्त्व आहे आणि रबरी ठशांनी घरी शुभेच्छापत्रे करणारी मंडळी ज्याला ‘रेझिस्ट’ म्हणतात, त्यामागेही तेच. फरक इतकाच की इथे मेणाऐवजी वितळणारी बारीक पावडर वापरतात.

मी पिंपळपानाचा ठसा घेऊन हा प्रयोग केला. आधी जाड कार्ड पेपरवर स्पंजाने फिकी पिवळी शाई लावून ती पूर्ण वाळू दिली. मग ठसा रंगहीन, चिकट, ग्लिसरीनयुक्त शाईत बुडवून कागदावर दाबला. ग्लिसरीन हवेतील ओलावा धरून ठेवते, त्यामुळे ही शाई लवकर वाळत नाही आणि वरून भुरभुरवलेली पारदर्शक एम्बॉसिंग पावडर, म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या राळेची बारीक भुकटी, नेमकी ओल्या रेषांनाच चिकटते. उरलेली पावडर झटकून हीट गनची गरम हवा दिली. काही क्षण काहीच घडत नाही. मग एका कडेने खरखरीत पांढरेपणा नाहीसा होतो आणि चकाकणारी रेषा पुढे पुढे सरकत जाते. कण वितळून एकमेकांत मिसळतात, प्रकाश विखुरणारे त्यांचे पृष्ठभाग नाहीसे होतात, म्हणून ती रेषा पारदर्शक दिसू लागते. याआधी हेअर ड्रायरने केलेला प्रयत्न मात्र फसला होता, कारण त्याची हवा वेगवान असते पण पुरेशी गरम नसते, त्यामुळे वितळण्याआधीच बरीचशी पावडर उडून गेली.

आता त्यावर निळी शाई फिरवली. पानाबाहेरचा पिवळा कागद हिरवा झाला, शिरा मात्र पिवळ्याच राहिल्या. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी असते. सेल्युलोजवरील हायड्रॉक्सिल गटांना पाणी जवळचे वाटते, आणि तंतूंमधल्या बारीक पोकळ्या केशाकर्षणाने पाण्यात विरघळलेला रंग आत ओढून घेतात. राळेच्या थराला ना पोकळ्या असतात, ना पाण्याची ओढ.

इथे अळवाच्या पानाची आठवण होणे साहजिक आहे, पण ही तुलना पुढे ताणू नये. अळवाच्या पानावर मेणकट थरासोबत सूक्ष्म उंचवटेही असतात. त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि थेंब जवळजवळ गोल होऊन घरंगळतो. वितळून घट्ट झालेली राळ गुळगुळीत असते. शिवाय शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर शाईत इतर द्रावके मिसळलेली असल्याने तिचा त्याहून कमी. म्हणून शाई राळेवर चपट्या ठिपक्यांच्या रूपात बसून राहते आणि ती मऊ कापडाने पुसून काढावीच लागते. पुसण्याची ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती गाळली तर नक्षी मळकट दिसते आणि प्रयोग फसला असा गैरसमज होतो.

पावसाळ्यात खरी परीक्षा असते. दमट कागद आणि बोटांचा तेलकट डाग यांच्यावरही पावडर बसते आणि नको तिथे पांढरे ठिपके राखले जातात. ठसा मारण्यापूर्वी कागदावरून टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवला तर हे बरेच टळते. उष्णता जास्त झाली तर पातळ झालेली राळ कागदात मुरते, उठाव आणि चकाकी दोन्ही जातात.

ठशाचे रबर आणि ही राळ, दोन्ही रेणूंच्या लांब साखळ्यांचे बहुवारिक (पॉलिमर) पदार्थ, तरी उष्णतेपुढे त्यांचे वागणे अगदी वेगळे असते. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये पेटंट घेतलेल्या प्रक्रियेत रबराच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी जोडल्या जातात, म्हणून तापवल्यावर रबर राळेसारखे वाहत नाही. राळेच्या साखळ्यांमध्ये असे पूल नसतात. ती पुन्हा पुन्हा वितळू शकते. याचा फायदा घेऊन मी ते कार्ड दोन कोऱ्या न्यूजप्रिंट कागदांत ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली. राळ वितळून न्यूजप्रिंटमध्ये शोषली गेली. कार्डावरचा उठाव गेला आणि हिरव्या पार्श्वभूमीवर पिंपळपानाच्या पिवळ्या शिरा तेवढ्या कागदाच्या पातळीवर उरल्या.