‘रेडियम’ की फ्लोरोसंट? अंधारातल्या मिनी गोल्फला रंग निवडताना

आपल्या सांगलीत अंधारात चमकेल ते सगळं ‘रेडियम’. उसाच्या ट्रॉलीमागची लाल-पांढरी पट्टी रेडियम, पोरांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्या रेडियम, आणि गेम झोनमधल्या जांभळ्या उजेडात पेटल्यासारख्या दिसणाऱ्या भिंतीही रेडियमच. खरं रेडियम यातल्या एकातही नसतं. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेलं ते मूलद्रव्य किरणोत्सारी. एकेकाळी घड्याळांच्या तबकड्यांवर ते रंगवणाऱ्या कामगार मुलींचे त्याने जीव घेतले. ते रंग कधीच मागे पडले, नाव तेवढं आपल्या तोंडी राहिलं.

ट्रॉलीची पट्टी सोडून देऊ. ती फक्त मागच्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड परत पाठवते, हॉलमध्ये तिचं काही काम नाही. उरतात दोन रंग, चांदण्यांसारखा उजेड साठवणारा आणि जांभळ्या उजेडात पेटणारा फ्लोरोसंट, आणि त्यांची गल्लत खिशाला लागते.

माझ्या मामेभावाचा विश्रामबागेत छोटा गेम झोन आहे. तिथे त्याने नऊ होलचा, अंधारात चमकणारा मिनी गोल्फ करायचं ठरवलं. दुकानदाराने ‘रेडियम पावडर’ गळ्यात मारली, आमच्या पेंटरने ती डिस्टेंपरमध्ये कालवून भिंतींना फासली. दिवे घालवल्यावर भिंतीवर कसंबसं हिरवट काहीतरी उमटलं आणि पाच-दहा मिनिटांत तेही गेलं. पैसे गेलेच, पण मला जास्त वाईट वाटलं ते दोघांनी रात्री जागून काढलेल्या चित्रांचं.

चूक कुठे झाली? ती पावडर म्हणजे उजेड साठवणारा पदार्थ. चांगल्या प्रतीची असेल तर स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, १९९० च्या दशकात जपानमध्ये पुढे आलेलं. त्याआधीची झिंक सल्फाइडची पावडर लवकर विझायची, स्वस्त मालात ती अजूनही असते. उजेड पडला की ऊर्जा स्फटिकात अडकते आणि मग हळूहळू बाहेर पडते. गॅस बंद केल्यावर तवा निवतो ना, तसंच: सुरुवातीला झपाट्याने, मग रेंगाळत. रंग मुख्यतः हिरवा किंवा निळसर. त्यात पाण्याने हा पदार्थ बिघडतो, आणि डिस्टेंपरमधला खडू उजेड आत जाऊही देत नाही, बाहेर येऊही देत नाही. तो पारदर्शक रेझिनमध्ये किंवा ऑइल बेसमध्ये मिसळून पांढऱ्या अस्तरावर लावायचा असतो.

फ्लोरोसंट रंगाचं तसं नाही. तो काहीच साठवत नाही. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण घेतो आणि त्याच क्षणी दिसणारा रंग परत देतो. नळ बंद, धार बंद. म्हणून त्याला ‘ब्लॅक लाइट’, म्हणजे हे अतिनील किरण सोडणारा दिवा, सतत चालू लागतो. पण मग गुलाबी, नारिंगी, पोपटी, हवा तो रंग मिळतो आणि रात्रभर तसाच राहतो. सांगलीकरांनी घरीच बघावं: खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवा, खोलीत अंधार करा आणि ब्लॅक लाइट मारा. पिवळट-हिरवी झळाळी येते. ही करामत हळदीतल्या कर्क्युमिनची. आपल्या पेठेतल्या हळदीत हे दडलेलं आहे, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दिवा चार वेळा चालू-बंद करून बघितला. पांढरे शर्ट उजळतात तेही असंच, डिटर्जंटमधल्या उजळपणा देणाऱ्या रसायनामुळे.

तेव्हा भिंती, अडथळे, लाकडी कडा, होलचे आकडे या सगळ्याला फ्लोरोसंटच. दिवा घेताना मात्र सावध. नुसता जांभळा एलईडी म्हणजे ब्लॅक लाइट नव्हे. खोक्यावर किरणांची तरंगलांबी, ३६५ किंवा ३९५ नॅनोमीटर, लिहिलेली असते. ३९५ स्वस्त, पण हॉलभर जांभळी झाक पसरते; ३६५ मध्ये अंधार अंधार राहतो आणि रंग उठून दिसतात. पाचशेची नोट धरा, नंबर चमकले तर दिवा खरा. कोरोनाकाळात आलेल्या जंतुनाशक यूव्ही ट्यूब मात्र चुकूनही लावू नका, त्या २५४ नॅनोमीटरच्या, डोळे आणि कातडी भाजतात. ब्लॅक लाइटसुद्धा वरून खाली, थेट पोरांच्या डोळ्यांत न जाईल असाच बसवायचा.

मग साठवणाऱ्या रंगाला जागाच नाही का? आहे, आणि ती चेंडूची. आम्ही आधी फ्लोरोसंट चेंडू ठेवले होते. बोगद्यात गेला की ब्लॅक लाइट पोचत नाही. एक चिमुरडी वाकून बघत ओरडली, “काका, बॉल विझला!” आता आम्ही साठवणारे चेंडू काउंटरवरच्या टॉर्चखाली दोन मिनिटं धरून देतो. बोगद्यातून हिरवा ठिपका सरकताना दिसतो, त्याची मजा काही औरच.

दुसरी जागा त्याहून महत्त्वाची. लाइट गेली की ब्लॅक लाइटही जातो आणि एका क्षणात अख्खा हॉल काळा होतो. अशा वेळी फ्लोरोसंट बाण बिनकामाचे. पायऱ्यांच्या कडा, दाराची चौकट, बाहेर जायचे बाण हे साठवणाऱ्या पट्टीनेच करा, आणि गिऱ्हाईक येण्याआधी साफसफाईचे पांढरे दिवे त्यांच्यावर पडू द्या. लाल दिव्याने ते भरत नाहीत. बॅटरीचे आपत्कालीन दिवे हवेतच, पण ते लागेपर्यंत पोरांना दार कुठे आहे ते दिसलं पाहिजे.

दुकानात शंका आली तर डबा उघडून मोबाइलचा टॉर्च मिनिटभर मारा, टॉर्च बंद करा आणि डब्यावर ओंजळ धरून आत बघा. उजेड उरला तर तो साठवणारा.